काळ्या पेटीचं दुखणं

आमच्या चारकोपच्या घरात तीन पिनांचा प्लग एकच होता आणि तो स्वयंपाकघरात होता. घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि मधे बाबांनी स्वतः सिमेंट कालवून घातलेली भिंत. ती भिंत डावीकडे कललेली आहे असं आई शेवटपर्यंत म्हणायची आणि बाबा शेवटपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळायचे. सेक्टर नवा होता, झाडं हातभर उंचीची होती आणि खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने दरवाजाच्या कड्या सहा महिन्यांत गंजत. सकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की दिवा एकदा मान टाकायचा, मग सावरायचा. हे मी एवढ्या तपशिलात सांगते, कारण आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि या सगळ्या गोष्टी एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

कॉम्प्युटर आणला बाळामामाने. आईचा हा धाकटा भाऊ जहाजावर होता आणि चारपाच महिन्यांनी उगवताना हातात काहीतरी अजब घेऊन यायचा. एकदा बोलणारं घड्याळ आणलं होतं, एकदा चीजचा असा डबा की उघडल्यावर शेजारच्या पेडणेकरकाकू काय मेलंय ते बघायला आल्या. त्या दिवाळीत त्याने थर्मोकोलमधून एक राखाडी मशीन काढलं. कीबोर्ड तेच आणि कॉम्प्युटरही तेच. ते टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून आत भरायचा. भरताना कॅसेट प्लेयर असा किंचाळायचा की बाबा म्हणत, "कोणाचा तरी जीव जातोय, बघा." मामाने ते आणलं होतं माझ्या दादासाठी, कारण दादा सायन्सला होता आणि मी कॉमर्सला. दादाने त्यावर चार दिवस बॉल उडवायचा खेळ खेळला आणि पाचव्या दिवशी खरी बॅट घेऊन मैदानात गेला. राहिले मी.

माझी तोपर्यंतची कीर्ती अशी होती की सुलूच्या हातात वस्तू गेली की ती दोन भागांत परत येते. इस्त्री मी उघडली होती, बाबांचा ट्रान्झिस्टर उघडला होता, त्यातला एक स्क्रू तर अजून सापडायचा आहे. पण या मशीनपाशी बसले की मला पहिल्यांदाच वाटलं, हे माझ्यासाठी केलंय. मी टाइप करायची, ते चुका दाखवायचं, मी सुधारायची, आणि कोणी मधे ओरडत नसे. कॉलेजमध्ये अकाउंट्सच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी वहीत प्रोग्रॅम लिहायची आणि संध्याकाळी सातला, टीव्हीवर कोणाला काही बघायचं नसलं की, घरी ते चालवायची. आज चाळीस वर्षं याच धंद्यात घालवून सांगते, त्या संध्याकाळींइतकं निखळ सुख मला पुढे कुठल्याही वातानुकूलित खोलीत मिळालं नाही.

मशीनबरोबर एक काळी पेटी आली होती. विटेपेक्षा थोडी लहान आणि वजनाला विटेहून जड. भिंतीतली वीज आधी या पेटीत जायची, तिथे तिचा माज उतरायचा, आणि मग ती शहाण्या मुलीसारखी मशीनमध्ये शिरायची. प्लग स्वयंपाकघरात, म्हणून पेटीही स्वयंपाकघरात ठेवली. ओट्याखालच्या फळीवर, डाळींच्या डब्यांच्या मागे. तिथून वायर बाबांच्या भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या खोलीत यायची. पेटी तिकडे आणि मी इकडे, असा आमचा संसार होता.

त्याच सुमाराला बाबांचं पोट बिघडलं. ते औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि कामाचा सगळा राग जेवणात तिखटावर काढत. डॉक्टरांनी अल्सर सांगितला आणि तिखट, आंबट, तळलेलं सगळं बंद केलं. मालवणी माणसाला असं सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखंच. आम्ही बाजूला बसून बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं ओरपतोय आणि बाबा मऊ भाताचा गोळा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेत, हे चित्र मला अजून दिसतं. त्यांना चालायचं ते फक्त ताजं, गोड दही. आता आमच्या घरात दह्याचा काय संबंध? आम्ही नारळाच्या रसावर वाढलेली माणसं. आईच्या माहेरी दही लागलं तर ते चुकून, दूध विसरल्यामुळे. त्यातून ते दिवस थंडीचे. आईने सुरुवातीला लावलेलं दही म्हणजे आंबूस दुधात पोहणारे चार तुकडे असायचे. पण महिन्याभरात तिला ते असं साधलं की सुरीने कापावं. बाबा दहीभात खाताना पहिल्यांदा हसले तो दिवस मला आठवतो. "काय गं, हे दही की खरवस?" ते म्हणाले, आणि आई लाजल्यासारखी होऊन पदराने ओटा पुसायला लागली.

त्याच आठवड्यात पेटी पहिल्यांदा मेली.

मी प्रोग्रॅमच्या चाळिसाव्या ओळीवर होते आणि पडदा काळा झाला. बटण बंद केलं, चालू केलं, वायर हलवली, देवाचं नाव घेतलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी आईने काढून दिलेली पेटी पिशवीत घालून मी फ्रान्सिस अंकलकडे गेले. गोराईचे हे फ्रान्सिस अंकल रोज होडीने अलीकडे येऊन मार्केटच्या कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्यांच्या पाठीमागे उघड्या पोटाच्या रेडिओंची भिंत. त्यांनी पेटी उघडली आणि आतला तीन पायांचा एक छोटा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "बेबी, ह्याला बोलतात रेग्युलेटर. हा गरम होतो, ते त्याचं कामच हाय. पन ह्याला वारा लागतो. नाय भेटला तर मरतो." त्यांनी नवा लावून दिला. "आनि एक ऐक. हा मरताना गप मरला तर ठीक. पन दार उघडं टाकून मरला ना, तर सगळा करंट तुझ्या मशीनमधी घुसनार. मग मशीनची वाट लागली समज."

पेटी पंधरा दिवस चालली आणि परत गेली. मग मात्र घराघरातून निदानं यायला लागली. पेडणेकरकाकू म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि त्यांनी प्लगवर लिंबू-मिरची बांधून टाकली. बाबा म्हणाले, सेक्टरातलं व्होल्टेजच नासकं आहे, आणि एक स्टॅबिलायझर आणला. तो रात्रंदिवस खट् खट् करायचा आणि दर खट्ला आई दचकायची. दादा म्हणाला, पंप. मी म्हटलं, मुंग्या. मी एक वही केली. तारीख, वेळ, किती वेळ मशीन चालू होतं, पंप चालू की बंद, दिवा मंद झाला का, सगळं लिहायची. ती वही मी इतकी शास्त्रशुद्ध ठेवली होती की आज कोणी तशी ठेवली तर मी त्याला नोकरी देईन. पण त्या वहीने काही सांगितलं नाही. पंप चालू असताना पेटी मेली, बंद असतानाही मेली. स्टॅबिलायझरच्या पहारेकऱ्यासमोर तिसऱ्यांदा मेली.

तिसऱ्यांदा मात्र बाबांचा पारा चढला. "हे मशीन खराब नाही," ते म्हणाले. "सुलूचा हात खराब आहे. इस्त्री गेली, ट्रान्झिस्टर गेला, आता हे. बाळा शिमग्याला येतोय. आणखी एकदा बंद पडलं तर तो ते परत घेऊन जाईल, जहाजावर त्याच्या मित्राला हवंच आहे." मी म्हटलं, "बाबा, मी पेटीला हातही लावत नाही." ते म्हणाले, "मग ती काय आपोआप मरते?" खरं सांगायचं तर मलाही आतून वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काहीतरी आहे. त्या वयात माणूस असल्या गोष्टींवर पटकन विश्वास ठेवतो. मी रडले नाही. मशीन गेलं तर पुढे काय करायचं याचा विचार करून पाहिला, तर पुढे काही दिसेचना. बँकेची परीक्षा, मग कोणीतरी बघायला येणार, पोहे, एवढंच दिसलं.

शिमग्याला बाळामामा आला आणि तो आला त्याच शुक्रवारी संध्याकाळी, त्याला मी नवा प्रोग्रॅम दाखवत असताना, पेटी चौथ्यांदा गेली. बाबांनी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "जाऊ दे गं सुलू, रविवारी गावाला निघताना नेतो मी. तुला पुढच्या खेपेला छान घड्याळ आणतो." घड्याळ! मी शनिवारी सकाळी पेटी घेऊन फ्रान्सिस अंकलकडे अशी गेले जसं कोणी पेशंटला शेवटचं दाखवायला नेतं.

अंकलनी झाकण काढलं आणि नाक वाकडं केलं. "बेबी, ह्याला तू दूध पाजते काय?"

"काय?"

"वास घे. आंबट मारतो. आनि हे बघ." झाकणावर वरच्या बाजूला, वाऱ्यासाठी ठेवलेल्या फटींवर, पांढरट सुकलेले ओघळ होते आणि त्यांच्याभोवती एक गोल वळ होता, पुसट पण पुरा गोल. "कप ठेवते कोन ह्याच्यावर? मोठा कप हाय."

मी म्हटलं, कोणी कप ठेवत नाही, मी तिथे कोणाला जाऊच देत नाही. हे बोलताना मला जाणवलंही नाही की त्या फळीपाशी मी स्वतः तीन महिन्यांत एकदाही वाकले नव्हते; पेटी काढून द्यायची ती आई, परत ठेवायची तीही आईच. अंकलनी नवा रेग्युलेटर बसवला, फटी कापडाने पुसल्या आणि म्हणाले, "मी बॉक्स रिपेर करतो. तुझं घर रिपेर करायला मला येत नाय." त्यांच्याकडे गर्दी होती, पेटी रविवारी सकाळी मिळाली.

रविवारी दुपारी मामा निघणार म्हणून जेवणं लवकर उरकायची होती. थर्मोकोल बाहेरच्या खोलीत काढून ठेवला होता, मशीन त्याच्या शेजारी, वायरी गुंडाळलेल्या. आम्ही पानावर बसलो. आईने मामासाठी कोंबडी-वडे केले होते आणि बाबांपुढे त्यांचा मऊ भात. बाबांनी दह्यात चमचा घातला आणि तो तसाच वर काढला. दही धारेने खाली पडलं.

"आज परत पाणी झालं गं दह्याचं," ते म्हणाले.

आई म्हणाली, "होय हो, कालपासून लागतच नाही."

वडा माझ्या तोंडात होता. 'परत' या शब्दापाशी मी चावायची थांबले. "बाबा, परत म्हणजे? आधी कधी झालं होतं?"

"होतं मधून मधून. पेटी दुरुस्तीला गेली होती ना तेव्हा एकदा. सगळंच बिघडतं या घरात एकदम."

मी उष्ट्या हाताने उठले. पिशवीतून पेटी काढली, ओट्यापाशी गेले, डाळींचे डबे बाजूला केले. मागे, जिथे पेटी असायची तिथे, बाबांचा जुना तपकिरी स्वेटर घडी करून ठेवलेला होता आणि स्वेटरच्या पोटात दह्याचं छोटं स्टीलचं पातेलं होतं. मी ते तसंच उचलून बाहेर आणलं, पेटी पानांच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि झाकणावरच्या त्या पुसट गोलावर पातेलं ठेवलं. ते असं बसलं की अंगठी बोटात बसावी.

"हा बघा चोर!" मी ओरडले. "मी नाही! माझा हात नाही! तीन महिने आई पेटीवर विरजण लावतेय, वर स्वेटर घालून!"

आधी मामाला कळलं. तो असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. मग दादा. मग बाबा, पोटावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणून खरवस! जहाजावरच्या मशीनवर शिजवलेलं दही!" मामा म्हणाला, "आक्का, हे कंपनीला लिहून कळवायला पाहिजे." आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसत होते, कारण मी सुटले होते.

आई हसली नाही. तिने पातेलं उचललं, पेटी पदराने पुसली आणि ती मालवणीत बोलली, जी ती घरात फक्त मनाला लागलं की बोलायची.

"थंडीत विरजाण लागणा नाय. पेटी रोज गरम रवता, म्हणान ठेवलंय. ह्यांच्या पोटाक ता एकच सोसता." मग आमच्याकडे बघून, "तुम्ही त्या फ्रान्सिसाक इचारलास. पेडणेकरणीक इचारलास. मुंग्यांची वही केलास. मी दिसभर ह्या ओट्याशी उभी असतंय. माका कोणी इचारल्यान?"

आत पेडणेकरकाकूंची लिंबू-मिरची प्लगवर वाळून काळी पडली होती, ती मला दारातून तेवढ्यात दिसली, म्हणजे काकूंचंही निदान आम्ही ऐकून घेतलं होतं. माझ्या वहीत पंपाचे रकाने होते, दिव्याचे होते, आणि घरातल्या ज्या एकाच माणसाचं त्या पेटीशी रोजचं येणंजाणं होतं, तिचा रकाना नव्हता. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, कान गरम झाले.

मग मी विचारलं. उशीर झाला होता, पण विचारलं. "आई, मशीन चालू असताना ती पेटी कशी असायची गं?"

आईने पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "गुणगुणायची. भुंग्यावानी. कधी कधी मधेच करकरायला लागायची, आणि पातेल्याला चटका बसेल इतकी तापायची. तसं झालं की मी बटण बंद करायचे."

"बंद करायचीस?"

"मग? आग लागायची वाट बघू? थोड्या वेळाने परत चालू करायचे. तू ओरडू नयेस म्हणून."

म्हणजे पडदा काळा व्हायचा तो आईच्या हाताने, आणि ती बटण परत चालू करेपर्यंत पेटी आतल्या आत गप मेलेली असायची. पेटी मरणाला टेकली की तिचा आवाज बदलायचा आणि तो आवाज ऐकणारं घरात एकच माणूस होतं. तिने त्या वेळी बटण बंद केलं नसतं तर फ्रान्सिस अंकल म्हणाले तसं झालं असतं, सगळी वीज आत घुसली असती आणि माझं मशीन पहिल्याच खेपेला कोळसा झालं असतं. चार वेळा पेटी गेली आणि चारही वेळा मशीन शाबूत राहिलं. मी हे त्यांना सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. बाबांनी पानावरचा हात तसाच ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"राहू दे ते मशीन, बाळा," शेवटी ते म्हणाले. "त्याचं काही बिघडलेलं नाही." आणि माझ्याकडे न बघता, "हातही कोणाचा खराब नाही."

मामाने थर्मोकोल भिंतीला टेकवला. मग थट्टेच्या सुरात, वातावरण हलकं करायला म्हणाला, "बरं, पण मी आणलं होतं भाच्यासाठी. आता कोणाच्या नावावर ठेवू?"

दादा तोंड उघडणार होता. पण आईने माझ्या पानात वडा वाढला आणि म्हणाली, "ता सुलूचा आसा. कोणाक होया तर तिका इचारून घेवंदे." एवढं बोलून ती मामाला रस्सा वाढायला वळली.

ज्या बाईला मी पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं, तिने ते मशीन मला दिलं. बाबांनी नाही, मामाने नाही. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती, मला तो शब्द कसा उच्चारायचा तेही माहीत नव्हतं. मी खाली मान घालून वडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आईने दूध तापवून खाली उतरवलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही रिकामा होता, दादा मैदानात होता, बाबा यायचे होते. मी स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, "काय हवंय?" मी म्हटलं, "काही नाही. विरजण लावताना दूध किती कोमट लागतं?"

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी थट्टा तर करत नाही ना हे बघायला. मग ती थोडी सरकली आणि ओट्यापाशी तिच्या शेजारी मला जागा झाली.